हल्कच्या हिरव्या सपाता

चाळिशी उलटली की माणसाला भूतकाळाचा पुळका येतो. आपल्या वेळचे आंबे गोड होते, आपल्या वेळचे मास्तर खमके होते, आपल्या वेळचा पाऊस सात जूनला हजर असायचा. अलीकडे या यादीत आपल्या वेळचे सुपरहिरोही जाऊन बसले आहेत.

आंब्यांचा पुरावा राहिलेला नाही, मास्तरांचाही नाही. सुपरहिरोंचा आहे. डीव्हीडीवर.

घोळ तिथेच झाला.

विषय आहे अमेरिकेतल्या वाहिन्यांनी खास टीव्हीसाठी काढलेल्या सुपरहिरोपटांचा. १९७४ च्या 'वंडर वुमन'पासून १९९८ च्या 'निक फ्युरी'पर्यंत. मधल्या काळात स्पायडरमॅन, हल्क, डॉक्टर स्ट्रेंज, कॅप्टन अमेरिका, झालंच तर थॉर आणि डेअरडेव्हिलही टीव्हीच्या चौकोनात हजेरी लावून गेले. हल्लीच्या पोरांना याचा पत्ता नाही. ज्यांना आहे, त्यांनी ते परत पाहिलेले नाहीत.

"आताच्या मार्व्हलपटांत जीव नाही हो, सगळा कॉम्प्युटरचा खेळ. ते जुने कसे साधे आणि खरे होते!" असं म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना फक्त एवढंच विचारा, शेवटचा कधी पाहिलात?

काकांना लगेच खाली पाण्याचा टँकर आलाय का ते बघायचं असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हे चित्रपट नव्हतेच. वाहिनी दोन तासांचा नमुना काढायची, एका रात्री दाखवायची आणि किती घरांत पाहिला जातो ते मोजायची. लोकांनी पाहिला तर मालिका, नाही तर नारळ. थोडक्यात, दोन तासांचा नोकरीचा अर्ज. बहुतेक अर्ज नामंजूर झाले.

नामंजूर अर्ज जपून ठेवणारा उमेदवार आपण पाहिला आहे. ते विकत घेणारा ग्राहक आता पाहतो आहोत.

आणि विकणाऱ्यांचा मुहूर्त बघा. २००३ मध्ये अँग लींचा 'हल्क' थिएटरात आला, त्याच वर्षी १९७७ चा टीव्हीवरचा 'हल्क' डीव्हीडीवर आला. २०११ मध्ये नवा 'कॅप्टन अमेरिका' आला, त्याच वर्षी १९७९ चे दोन्ही जुने कॅप्टन एकाच पाकिटात आले. २०१६ मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅचचा 'डॉक्टर स्ट्रेंज' यायला आणि १९७८ चा 'डॉक्टर स्ट्रेंज' गोदामातून बाहेर पडायला एकच गाठ पडली.

आठवणी अशा आपोआप दाटून येत नाहीत. त्यांना मार्केटिंग खातं असतं.

तर कॅप्टन अमेरिका. जानेवारी १९७९, वाहिनी सीबीएस, नायक रेब ब्राउन. दुसरं महायुद्ध, बर्फात गोठणं वगैरे सगळं विसरा. इथला स्टीव्ह रॉजर्स मरीन दलातून सुटलेला, व्हॅन घेऊन भटकणारा, चित्रं काढून सुखाने जगू पाहणारा एक धष्टपुष्ट तरुण आहे. वडिलांच्या कडव्या देशप्रेमाची टर उडवायला लोक त्यांना 'कॅप्टन अमेरिका' म्हणायचे. पोराला वारसाहक्काने ते टोपणनाव मिळतं, आणि वडिलांनी शोधलेलं शक्तिवर्धक औषधही.

घराणेशाही फक्त आपल्याकडे आहे, असं कोण म्हणतं?

या कॅप्टनच्या डोक्यावर मुखवटा नाही. हेल्मेट आहे. मोटरसायकलवर घालतात तसलंच. जगाला वाचवायला निघालेला माणूस आधी हनुवटीखालचा पट्टा आवळतो. पुण्यात हा चित्रपट चौकाचौकांत दाखवायला हरकत नाही.

उपयोग होणार नाही, ते वेगळं.

ढालीची कथा तर अजून बहारदार. ती पारदर्शक प्लॅस्टिकची आहे. लढाई नसेल तेव्हा ती मोटरसायकलच्या पुढे काच म्हणून लावायची. लढाई आली की काढायची आणि फेकायची. म्हणजे गुंडांना हाणलं की परत येताना तोंडावर वारा. महाशक्ती वगैरे नंतर, आधी खर्चाचं बघू, असं कुणीतरी बैठकीत म्हटलं असणार. त्याची पुढे बढतीही झाली असणार.

बाकी चित्रपटभर काय होतं? व्हॅन चालते. समुद्राकाठच्या रस्त्याने चालते, डोंगरातून चालते. मग मोटरसायकल चालते. गणवेश अंगावर चढेपर्यंत निम्म्याहून अधिक डिस्क फिरून झालेली असते. लहानपणी हे आपल्याला खटकलं नाही, कारण लहानपणी आपल्याला मोटरसायकल पाहायलाही आवडायची.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुसरा भाग आला. त्यात खलनायक कोण, तर ख्रिस्तोफर ली! साक्षात ड्रॅक्युला. माणसाला झपाट्याने म्हातारं करणारं रसायन त्याच्या हाती लागलंय आणि तो एक अख्खं शहर वेठीला धरतोय. कल्पना झकास आहे. पण प्रेक्षकाला म्हातारं करायला रसायन लागत नाही, हे दिग्दर्शकाने आधीच सिद्ध करून ठेवलंय.

आता स्पायडरमॅन. १४ सप्टेंबर १९७७. पीटर पार्कर झालाय निकोलस हॅमंड. हा तोच, 'साउंड ऑफ म्युझिक'मधल्या सात गाणाऱ्या भावंडांतला मोठा मुलगा. गाणारं पोर बारा वर्षांनी भिंतीवर चढतं. संगीताचं शिक्षण वाया जात नाही म्हणतात ते असं.

चढतं म्हणजे काय, वर ओढलं जातं. खऱ्या इमारतीच्या खऱ्या भिंतीवर खरा स्टंटमॅन केबलला लटकवलेला आहे, आणि गच्चीवरून कुणीतरी तो ओढतंय. हातपाय हलतात ते नुसते चढल्याचं दाखवायला. टीव्हीच्या जुन्या डबड्यात केबल दिसत नसे. आता बावन्न इंची पडद्यावर ती स्वच्छ दिसते.

वरून कुणीतरी ओढत असताना स्वतः चढल्याचा आव आणणारी माणसं आपल्या ऑफिसात नाहीत काय? मग स्पायडरमॅनलाच का हसायचं?

जाळ्याचं म्हणाल तर तो सरळ दोरखंड आहे. मनगटातून सुटतो आणि समोरच्याच्या अंगावर गळ्यात हार पडावा तसा पडतो. गुंड आपणहून त्यात गुंडाळून घेतात. एवढे सहकार्य करणारे गुंड हल्ली मिळत नाहीत, हे मात्र काकांचं म्हणणं खरं.

या चित्रपटात कॉमिकमधले बेनकाका नाहीत. हिरवा गॉब्लिन नाही, आठ हातांचा ऑक्टोपस नाही. त्यांना पैसे लागतात. मग खलनायक कोण? एक बाबा. एडवर्ड बायरन नावाचा, लोकांचं आयुष्य सुधारून देणारा गुरू. मंद आवाजात बोलतो, भक्तांच्या कोटाला एकेक बिल्ला लावून देतो. त्या बिल्ल्यातून संदेश गेला की शहरातले प्रतिष्ठित डॉक्टर-वकील बँका लुटायला निघतात. मग बाबा शहराकडे पाच कोटी डॉलर मागतो. नाही दिले तर दहा माणसं जीव देतील म्हणतो.

बिल्ला लावला की शिकलेला माणूस स्वतःचं डोकं काढून ठेवतो. हे १९७७ मध्ये एका फुटकळ टीव्हीपटाला कळलं होतं.

आणि योगायोग पाहा. पुढच्याच वर्षीच्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये मॉर्गन ल फे नावाची चेटकीण आहे. युगानुयुगं जगलेली, सैतानाशी लागेबांधे असलेली. शेवटी हरते. हरल्यावर काय करते? टीव्हीवर मुलाखत देते. आयुष्य सुधारण्याचे मंत्र देणारी गुरू म्हणून!

१९७७-७८ सालात अमेरिकेच्या टीव्हीलेखकांना सर्वांत मोठा खलनायक कोण वाटला, तर व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं घेणारा माणूस. आज त्याच अमेरिकेत त्या शिबिरांच्या तिकिटाला रांगा आहेत. आपल्याकडे तर कंपनीच कर्मचाऱ्यांना सक्तीने धाडते, वर जेवण देते.

जुन्या चित्रपटांना दूरदृष्टी नव्हती असं म्हणायची सोय नाही.

डॉक्टर स्ट्रेंज स्वतः मात्र बिचारा आहे. पीटर हूटनच्या या डॉक्टरला शल्यविशारद करण्याइतकी ऐपत वाहिनीची नव्हती, तो इस्पितळातला शिकाऊ मानसोपचारतज्ज्ञ आहे. हात चिरडण्याचा अपघात नाही, तिबेट नाही. जादू येते ती रंगीत धुराच्या बोगद्यातून. पण चेटकीण झाली आहे जेसिका वॉल्टर. पुढे 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'मध्ये तिने साकारलेली आई पाहिलेल्यांना ती इथे पाहून धक्का बसणार नाही. त्या आईकडेही चेटूक होतंच.

बाकी चित्रपट साफ आपटला. त्या रात्री समोरच्या वाहिनीवर 'रूट्स' लागलं होतं. गुलामगिरीचा इतिहास सोडून कोण मिशीवाल्या जादूगाराला बघणार? अमेरिकन प्रेक्षकाने एकदा तरी बरोबर बटण दाबलं.

स्पायडरमॅनचं दुखणं उलटं. त्याला प्रेक्षक होते. मालिकाही झाली, तेरा भागांची. पण सीबीएसला भलतीच चिंता. हल्क आपला, वंडर वुमन आता आपली, त्यात हा कोळी. लोक आपल्याला सुपरहिरोंची वाहिनी म्हणतील! अब्रू जाईल! म्हणून १९७९ मध्ये मालिका गुंडाळली.

आज हे वाचून मार्व्हलचे मालक असलेल्या डिस्नेचे हिशेबनीस ढसाढसा रडत असतील.

या स्पायडरमॅनची अमेरिकेत अजून अधिकृत डीव्हीडी नाही. व्हीएचएसच्या कॅसेटी निघाल्या, तेवढंच. परिणाम असा की त्याच्याविषयी सगळ्यांत जास्त हळहळतात ते त्याचेच चाहते. पाहायला मिळत नाही तोवर प्रत्येक चित्रपट उत्कृष्टच असतो.

डिस्क लावल्यावर आणखी एक चमत्कार कळतो. दर दहा-बारा मिनिटांनी पडदा काळा होतो. नायक दारात येतो, डोळे विस्फारतो, संगीत चढतं, आणि काळोख. तुम्ही दचकून रिमोट शोधता. बिघाड नाही. तिथे जाहिरात होती. १९७९ मध्ये इथे साबण विकला गेला होता. आता साबण गेला, त्याच्यासाठी काढलेला खड्डा उरला. दोन तासांच्या वेळेत चित्रपट असायचा पंचाण्णव-एक मिनिटांचा, बाकी वेळ साबणवाल्यांचा.

आणि खरं सांगायचं तर चित्रपटाला साबण आवश्यक होता. मध्ये उठून पाणी पिऊन आलं की व्हॅन अजून चालतेच आहे याचा राग येत नसे. सलग पाहिलं की येतो. जुने टीव्हीपट जाहिरातींनी बिघडवले असं म्हणतात. अहो, सावरले!

महाराष्ट्रात हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते व्हीसीआरच्या कृपेने. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर घरोघर रंगीत टीव्ही आले आणि गल्लोगल्ली कॅसेट लायब्ऱ्या निघाल्या. व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने आणायचा आणि पैसे वसूल होईपर्यंत कुणी झोपायचं नाही. पहाटे तीनच्या सुमारास सुरू झालेल्या तिसऱ्या कॅसेटविषयीच्या आठवणी अचूक असतील, अशी अपेक्षाच चुकीची आहे. हल्कने काय फोडलं आणि स्वप्नात काय फुटलं, यातला फरक त्या वेळेला कळत नाही.

त्यात एखादा नातेवाईक अमेरिकेहून कॅसेट घेऊन यायचा. तिकडची कॅसेट एनटीएससी पद्धतीची, इकडचा व्हीसीआर पाल पद्धतीचा. लावली की चित्र गरगरायचं आणि रंग पळून जायचे. हल्क हिरवा असतो हे कव्हरवर वाचायचं, पडद्यावर तो करडा.

गंमत म्हणजे १९६२ साली कॉमिकच्या पहिल्या अंकात हल्क करडाच होता. छपाईत तो रंग धड उमटेना म्हणून पुढे हिरवा केला. म्हणजे फसलेल्या कॅसेटवरचा हल्कच मुळाबरहुकूम होता.

आता आलाच आहे तर हल्कविषयी बोलू. कारण या साऱ्या कचऱ्यात एक अस्सल नाणं आहे, आणि ते हेच.

४ नोव्हेंबर १९७७. लेखक-दिग्दर्शक केनेथ जॉन्सन. या माणसाला कॉमिकबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. त्याच्या डोक्यात होती व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल'. आयुष्यभर पळणारा एक सज्जन आणि त्याच्या मागावर हात धुऊन लागलेला एक माणूस. त्याने पोलीस काढला आणि खमंग बातम्या छापणाऱ्या साप्ताहिकाचा वार्ताहर लावला. नायकाचं नाव ब्रूसचं डेव्हिड केलं. हल्क लाल करायचीही त्याची इच्छा होती, रागाचा रंग लाल म्हणून. तिथे मात्र हल्कच्या कॉमिकचे लेखक स्टॅन ली आडवे आले.

कॉमिकशी इमान राखा, असा हट्ट धरणाऱ्या भक्तांनी ही गोष्ट जरा शांतपणे वाचावी. ज्याने इमान राखलं नाही त्याचा चित्रपट टिकला.

बिल बिक्सबीचा डॉक्टर बॅनर पाहा. गाडीला अपघात होतो, बायको आत अडकते, गाडी पेट घेते. त्याला ती गाडी उचलता येत नाही. एवढंच त्याचं दुःख. मग तो संशोधन करतो, ते अशा माणसांवर, ज्यांनी संकटात एकाएकी अचाट ताकद दाखवली. त्यांना जमलं, मला का नाही? रात्री एकटा प्रयोगशाळेत स्वतःवर गॅमा किरणांचा मारा करून घेतो. मात्रा मोजून. पण यंत्राची क्षमता मध्ये कुणीतरी वाढवून ठेवलेली असते, आणि ते याला कुणी सांगितलेलं नसतं.

जगातला सर्वांत भयंकर राक्षस कसा जन्मला? देखभाल विभागाने परिपत्रक काढलं नाही म्हणून.

यानंतरचा प्रसंग बारकाईने पाहा. रात्र, धो धो पाऊस, सुनसान रस्ता, टायर फुटतो. सुटाबुटातला डॉक्टर चिखलात बसून चाक बदलतोय. नट घट्ट बसलाय. जोर लावतो, पाना निसटतो, हात सडकून सोलपटतो. पुन्हा जोर. आणि मग डोळे पांढरे होतात, शर्ट फाटतो. कुणी खलनायक नाही, कुणी बॉम्ब लावलेला नाही, जग धोक्यात नाही. फक्त एक थकलेला माणूस आणि न सुटणारा नट.

असा राग प्रत्येकाला येतो. शर्ट तेवढा फाटत नाही, शिवाय तो नवा असतो.

मग हल्क झालेला हिरवा लू फेरिग्नो येतो आणि पहिल्यांदा कुणाला चोपतो? गाडीला. स्वतःच्याच. पुढे प्रत्येक भागात तो साधारण दोनदाच यायचा. रंग लावायला वेळ लागायचा, तो पुसट व्हायचा, पैसे जायचे. म्हणून उरलेला सगळा वेळ बिक्सबीला मिळायचा. आणि तो अभिनय करायचा, बिचारा. सुपरहिरोपटात अभिनयाला वेळ उरतो तो पैसे संपले की.

आधी हल्क म्हणून रिचर्ड कीलला घेतलं होतं. तोच, जेम्स बाँडचा पोलादी दातांचा शत्रू. उंची होती, पण स्नायू कमी पडले. काही दिवस चित्रीकरण झाल्यावर त्याला नारळ दिला आणि फेरिग्नोला आणलं. वरून घेतलेलं एक दृश्य मात्र राहून गेलं. डिस्कवर नेमकं तिथे थांबवता येतं. हल्क क्षणभर बारीक होतो. डाएटच्या जाहिरातवाल्यांनी हे अजून पाहिलेलं दिसत नाही.

आणि मालिकेत हल्क धावतो तेव्हा त्याच्या पायाकडे बघा. हिरव्या सपाता. खडी टोचते हो! भिंती फोडणाऱ्याच्या तळव्याला खडा टोचतो.

या एका गोष्टीसाठी मी सगळे नवे हल्क ओवाळून टाकायला तयार आहे.

पण इथेही थांबतील तर ते टीव्हीवाले कसले. मालिका १९८२ मध्ये संपली, तर सहा वर्षांनी दुसऱ्या वाहिनीला उमाळा आला. १९८८ मध्ये हल्क परतला, जोडीला थॉर घेऊन. हा थॉर दांडगट, पेल्यांवर पेले रिचवणारा. त्याची वेगळी मालिका काढायचा डाव होता. तो मोडला. २०१९ मध्ये 'एंडगेम'मध्ये पोट सुटलेला, बियर पिणारा थॉर आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थॉर तोच, बियर तीच. तिकीट महागलं.

१९८९ मध्ये हल्कच्याच पुढच्या चित्रपटात डेअरडेव्हिल आला. लाल शिंगांचा नव्हे, नखशिखांत काळा, डोळ्यांवरही कापड. तेव्हा लोक म्हणाले, काय ही कंजुषी. २०१५ मध्ये नेटफ्लिक्सचा डेअरडेव्हिल जवळपास तसाच काळा, डोळ्यांवर कापड. लोक म्हणाले, किती वास्तववादी!

त्या १९८९ च्या चित्रपटाचं नाव होतं हल्कचा खटला. खटला चालतच नाही. कोर्ट दिसतं ते बॅनरच्या स्वप्नात. त्या स्वप्नातल्या ज्युरींमध्ये चष्मा लावलेले एक गृहस्थ बसलेत. स्टॅन ली. मार्व्हलच्या प्रत्येक चित्रपटात त्यांना शोधायचा जो खेळ पुढे जगभर चालला, तो इथून सुरू झाला. नावात खटला, चित्रपटात स्वप्न. आपल्याकडचे पक्षकार म्हणतील, आमचंही तसंच आहे.

१९९० मध्ये हल्क मेला. विमानातून पडून. त्याला पुन्हा जिवंत करायची तयारी होती, पण तो चित्रपट झाला नाही. १९९३ मध्ये बिल बिक्सबीच गेले, एकोणसाठाव्या वर्षी. आता स्मृतीच्या नावाने संच विकतात त्यांनी बिक्सबीचं नाव कव्हरवर जरा मोठ्या अक्षरात छापलं असतं तर काही बिघडलं नसतं.

वंडर वुमनचं आटोपतं घेऊ. १९७४ ची पहिली कॅथी ली क्रॉस्बी. सोनेरी केस, अंगात खेळाडूचा पोशाख, शक्ती शून्य. आपटली. १९७५ मध्ये लिंडा कार्टरला घेऊन पुन्हा काढली आणि नाव काय दिलं? 'नवी, मूळ वंडर वुमन'. नवी आणि मूळ, एकाच दमात! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'ओरिजिनल' पाटी लावलेल्या भेळवाल्यांच्या राज्यात याचं नवल वाटू नये.

लिंडा कार्टरने एक गोष्ट मात्र जगाला दिली. गरकन गिरकी घ्यायची आणि पोशाख बदलायचा. १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' आला आणि मुकेश खन्नाही गरगरत आले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं. बापाने पोराला ओढून समोर बसवलं. पोराने पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच हे पाहायचात?"

त्या घरात त्या दिवशी इंटरनेट 'अचानक' बंद पडलं.

१९९८ चा 'निक फ्युरी'. डेव्हिड हॅसलहॉफ, डोळ्यावर पट्टी, तोंडात सिगार. पाहवत नाही. लेखक डेव्हिड गॉयर. हेच गॉयर सात वर्षांनी 'बॅटमॅन बिगिन्स'चे सहलेखक. सुपरहिरोपटावर लेखकाला शिव्या देण्याआधी बजेट किती होतं ते विचारावं. हार घालण्याआधीही विचारावं.

म्हणजे काकांचं चुकतंय ते इथे. त्या चित्रपटांत साधेपणा वगैरे नव्हता. पैसे नव्हते. पैसे असते तर त्यांनीही न्यूयॉर्क उद्ध्वस्त केलं असतं, आकाशात निळा झोत सोडला असता, शेवटी अर्धा तास दणादण केली असती. नाइलाजाला तत्त्व म्हणायची सवय आपल्याला जुनीच आहे. एका जॉन्सनने त्या नाइलाजातून माणसाची गोष्ट काढली. बाकीच्यांनी व्हॅन चालवली.

तरीही घ्यायचंच असेल तर घ्या. पहिला १९७७ चा 'हल्क', एकट्याने, दिवे मालवून. कॅप्टन अमेरिकाचे दोन भाग चार मित्र जमवून, खायला भरपूर ठेवून. स्पायडरमॅन त्या बाबासाठी पाहण्यासारखा, पण मिळायचा नाही. 'डॉक्टर स्ट्रेंज' जेसिका वॉल्टरसाठी. 'निक फ्युरी' कुणी भेट दिला तर त्या माणसाशी आपलं काय बिघडलंय याचा विचार करा.

फक्त पैसे भरण्याआधी पाकिटाची मागची बाजू तपासा. तिथे छोट्या पृथ्वीच्या चित्रात एक आकडा असतो. अमेरिकेच्या डीव्हीडीचा विभाग १, भारताचा ५. विभाग १ ची डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर चालत नाही. भिंती फोडणाऱ्या हल्कला ही भिंत अजून फोडता आलेली नाही, आणि उघडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही.